बीज, क्षेत्र आणि न्याय

मुलगा वा मुलगी समलिंगी आहे असे कळताच सुशिक्षित घरांतूनही पहिला प्रश्न निघतो तो 'हे कोणामुळे झाले?' हा. आई सासरच्या घराण्याकडे बोट दाखविते, वडील आईच्या लाडांकडे. आणि दोघे मिळून वसतिगृहाला वा संगतीला दोष देतात. बीज थोर की क्षेत्र, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. परंतु विज्ञानाने त्याला आज जे वळण दिले आहे ते ध्यानी घेतले, तर घरोघरचे हे खटले काढून टाकावे लागतील.

प्रथम बीजाचा विचार करू. १९९३ साली अमेरिकेतील डीन हॅमर यांनी एक्स गुणसूत्राच्या एका भागाशी पुरुषांच्या समलिंगी कलाचा संबंध जोडला आणि 'समलिंगी जनुक सापडले' अशी हाकाटी झाली. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या अभ्यासाने ती फोल ठरविली. असे एकच एक जनुक नाही. अनेक जनुकांचा अल्प अल्प वाटा आहे. तो सर्व मिळून माणसामाणसांतील या वर्तनाच्या फरकाचा ८ ते २५ टक्के भाग उलगडतो, आणि त्यावरून कोणा एका व्यक्तीचे भाकीत करता येत नाही.

मग उरलेले सारे संगोपनाचे, असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. गफलत होते ती येथेच. शास्त्राच्या परिभाषेत परिस्थिती म्हणजे जे जे आनुवंशिक नाही ते सारे. मातेचे उदरही त्यात आले. थोरल्या भावांची संख्या वाढते तशी धाकट्याच्या समलिंगी असण्याची शक्यता काहीशी वाढते. २००६ साली कॅनडातील अँथनी बोगार्ट यांनी दाखविले, की हा परिणाम एकाच मातेच्या पोटी जन्मलेल्या भावांचाच होतो, मग ते एका घरात वाढोत वा न वाढोत. दत्तक भावाच्या नुसत्या सहवासाने तो होत नाही. लाड, धाक वा संगत यांनी कल घडतो, याला मात्र भक्कम आधार मिळालेला नाही.

तरीही 'उपचारा'साठी मुलांना वैद्यांच्या, बुवांच्या दारी नेले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली असले 'उपचार' व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. डावखुऱ्या मुलांच्या हातावर छडी मारणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. त्या छडीने हात बदलला नाही. मूल तेवढे अबोल झाले.

'जन्मजात आहे, म्हणून क्षमा करा' असे म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. परंतु हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. क्षमा अपराधाची करावयाची असते. माणसाचा धर्म त्याच्या जनुकांत नसतो, तरी राज्यघटना त्याचे रक्षण करतेच. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला, तो व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा आदर करून. कारणांचा शोध शास्त्रज्ञ घेत राहोत. आईबापांनी मात्र त्या शोधाच्या निकालाची वाट पाहत आपल्या लेकराला दाराबाहेर ताटकळत ठेवू नये.