एका घरचे नऊ

पंधरा ही विषम संख्या. त्यामुळे प्रत्येक फेरीत सात डाव आणि एक खेळाडू मोकळा. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे फेऱ्या तीस, प्रत्येकाचे डाव अठ्ठावीस आणि एकूण डाव 210. 1953 च्या ऑगस्टअखेरीस बुद्धिबळाची ही आव्हानवीर स्पर्धा स्वित्झर्लंडमध्ये ऱ्हाईनच्या धबधब्याकाठच्या नॉयहाउझेन गावी सुरू झाली आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात झुरिकमध्ये संपली. जिंकणाऱ्याला जगज्जेत्या बोट्विनिकशी खेळण्याचा हक्क मिळणार होता. आजचे ग्रँडमास्टर चौदा फेऱ्यांत थकल्याची तक्रार करतात, म्हणून हे आकडे आधी सांगून टाकले.

आणखी एक आकडा मात्र अडचणीचा आहे. पंधरापैकी नऊ खेळाडू सोव्हिएत संघाचे होते. उरलेल्या सहांत माजी जगज्जेता आणि पेशाने गणिताचा शिक्षक असलेला डच माक्स यूव्ह. महायुद्ध सुरू झाल्यावर अर्जेंटिनातच राहिलेला, मूळचा पोलंडचा नायडॉर्फ. हंगेरीचा साबो, युगोस्लाव्हियाचा ग्लिगोरिच, स्वीडनचा स्टॉलबर्ग आणि अमेरिकेचा सॅम्युएल रेशेव्स्की. सोव्हिएत अधिकाऱ्यांना खरी धास्ती होती ती एकट्या रेशेव्स्कीची. शीतयुद्धाच्या ऐन भरात जगज्जेतेपदाच्या दारात अमेरिकन माणूस उभा राहणं मॉस्कोला परवडणारं नव्हतं.

निकाल असा लागला: सोव्हिएत संघाचा स्मिस्लोव्ह 18 गुणांसह पहिला, त्याचेच देशबंधू ब्रॉन्स्टीन आणि केरेस, तसंच रेशेव्स्की प्रत्येकी 16 गुणांवर. आणि गेली सत्तर वर्षं या स्पर्धेचं नाव निघालं की कोणीतरी म्हणतंच, 'ते सगळं ठरलेलं होतं.' हे म्हणणं अगदीच हवेतलं नाही. खुद्द ब्रॉन्स्टीनने उतारवयात लिहून ठेवलं की वरून दबाव होता, रेशेव्स्कीला रोखण्यासाठी आपल्या माणसांना सूचना दिल्या जात होत्या. ब्रॉन्स्टीन तिथे पटावर बसलेला माणूस, त्याचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. पण दबाव होता म्हणजे सगळे डाव खोटे होते, ही उडी मला मान्य नाही. डाव छापील आहेत. ते पटावर मांडा आणि बघा.

स्मिस्लोव्ह अख्ख्या स्पर्धेत एकच डाव हरला, आणि तोही अलेक्झांडर कोतोव्हकडून. म्हणजे आघाडीवरच्या सोव्हिएत खेळाडूला हरवणारा एकमेव माणूस दुसरा सोव्हिएत खेळाडू! ज्याला घरच्यांनीच जिंकवून द्यायचं ठरवलंय त्याची ही काय शोभा झाली? मग चोविसावी फेरी. केरेस पांढऱ्या मोहऱ्यांनी स्मिस्लोव्हविरुद्ध खेळत होता. केरेसने हत्ती काळ्या राजाच्या बाजूला आणले आणि त्यातला एक सरळ बळी म्हणून पुढे ठेवला. स्मिस्लोव्हने तो घेतला नाही. मध्यभागी एक प्यादं मारलं, स्वतःच्या मोहऱ्यांना वाट मोकळी केली, आणि केरेसचा हल्ला हवेतच विरला. हा डाव मी कितीदा मांडला असेल सांगता येत नाही, पण त्यात मिलीभगत कुठे शोधायची हे मला अजून कळलेलं नाही. लगेच पंचविसाव्या फेरीत स्मिस्लोव्हने रेशेव्स्कीलाही हरवलं. लागोपाठच्या दोन फेऱ्यांत दोन मुख्य प्रतिस्पर्धी. स्पर्धा तिथे संपली.

शिवाय योगायोगांचाही हिशेब करावा. साबोला रेशेव्स्कीविरुद्ध दोन चालींत मात होती. त्याचा वजीर थेट मारत आत जाऊ शकत होता, कारण बचाव करणारं प्यादं उंटाने जखडून ठेवलेलं. दर रविवारी स्पर्धा खेळणाऱ्या शाळकरी पोराला दिसेल अशी मात साबोसारख्या ग्रँडमास्टरला दिसली नाही आणि डाव बरोबरीत सुटला. रेशेव्स्कीला मिळालेला तो अर्धा गुण कोणत्या समितीने वाटला होता?

आणि चौदाव्या फेरीचा तो डाव. आवेरबाख पांढरा, कोतोव्ह काळा. मध्यभाग प्याद्यांनी घट्ट बंद, बघणाऱ्याला वाटावं की आता तासभर मोहऱ्या इकडून तिकडे फिरतील. तिसाव्या चालीला कोतोव्हने आपला वजीर राजासमोरच्या प्याद्यावर टाकला. शह! पांढऱ्याने वजीर मारला, आणि त्याचा राजा आपला वाडा सोडून रस्त्यावर आला. हत्तीचा शह, घोड्याचा शह, आणि पांढरा राजा पटाच्या पलीकडच्या अर्ध्यात, काळ्याच्या मोहऱ्यांच्या गराड्यात जाऊन उभा. गंमत म्हणजे तिथे त्याला लगेच मात होत नाही. स्वतःच्या प्याद्यांच्या भिंतीमुळे तो परतू शकत नाही, आणि पांढऱ्याची बाकी फौज मदतीला पोहोचू शकत नाही. वेळेच्या तंगीत कोतोव्ह मधूनमधून तेच ते शह देत राहिला, घड्याळ सांभाळून घेतलं, मग शांतपणे फास आवळला. एक्कावन्नाव्या चालीला आवेरबाखने डाव सोडला. बिचारा आवेरबाख! अंतिम पर्वाचा एवढा मोठा अभ्यासक, शंभर वर्षं जगला, 2022 मध्ये गेला. पण प्रत्येक संकलनात त्याचं नाव छापलं जातं ते या पराभवासाठी. हाही डाव सोव्हिएत विरुद्ध सोव्हिएत.

साखळी पद्धतीचं हेच वैशिष्ट्य आहे आणि हेच दुखणंही. इथे कोणालाच कोणाला टाळता येत नाही. तळाच्या स्टॉलबर्गविरुद्धच्या गुणाला केरेसविरुद्धच्या गुणाइतकीच किंमत. म्हणून सर्वांत कसदार खेळाडू वर येतो. आणि म्हणूनच शर्यतीतून बाद झालेला माणूस कोणाविरुद्ध किती जीव तोडून खेळतो, यावर पहिला क्रमांक ठरू शकतो. 1962 मध्ये क्युरासाओच्या आव्हानवीर स्पर्धेत हे दुखणं चिघळलं. पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर या सोव्हिएत खेळाडूंचे आपापसातले बाराही डाव बरोबरीत सुटले, तिघे ताजेतवाने राहिले, आणि चौथ्या आलेल्या अमेरिकेच्या फिशरने जाहीरपणे कारस्थानाचा आरोप केला. त्यानंतर जागतिक महासंघाने साखळीच मोडीत काढली आणि 1965 पासून आव्हानवीर थेट लढतींतून निवडायला सुरुवात केली. डोकं दुखतं म्हणून डोकंच कापायचा हा प्रकार. पुन्हा आठ खेळाडूंची दुहेरी साखळी नेमाने सुरू व्हायला 2013 साल उजाडलं.

खरा उपाय साधा होता, आणि तो आता वापरात आहे: एकाच देशाचे खेळाडू सुरुवातीच्याच फेऱ्यांत एकमेकांशी खेळवायचे, म्हणजे कोणाला कोणाची गरज आहे हे ठरण्याआधीच ते डाव संपलेले असतात. झुरिकमध्ये केरेस आणि स्मिस्लोव्ह चोविसाव्या फेरीत भेटले. 2024 मध्ये टोरांटोच्या आव्हानवीर स्पर्धेत आपले तिघे होते: गुकेश, प्रज्ञानंद आणि नाशिकचा विदित गुजराथी. पहिल्या तीन आणि परतीच्या पहिल्या तीन फेऱ्यांत त्यांचे आपापसातले सगळे डाव उरकले. गुकेशने दुसऱ्या फेरीत प्रज्ञानंदला हरवलं आणि परतीच्या पहिल्याच फेरीत विदितला. तो स्पर्धा जिंकला 9 गुणांनी, मागच्या तिघांपेक्षा फक्त अर्धा गुण जास्त घेऊन. झुरिकची फूटपट्टी इथे लावली तर काय काय बोलता येईल बघा! कोणी बोललं नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं. मग स्मिस्लोव्हलाही तेवढा न्याय द्यायला हरकत नाही. त्याने 1956 मध्ये ॲमस्टरडॅमची आव्हानवीर स्पर्धा पुन्हा जिंकली आणि 1957 मध्ये बोट्विनिकला हरवून जगज्जेतेपद मिळवलं. असा माणूस समितीच्या मेहेरबानीवर उभा राहत नाही.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात दर रविवारी कुठे ना कुठे स्पर्धा असते, आणि ती बहुधा स्विस पद्धतीची, म्हणजे दर फेरीत साधारण सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर. दोन-तीनशे मुलं, सात-आठ फेऱ्या, एका दिवसात निकाल. आयोजकांचं गणित त्यात बसतं, हे मान्य. पण मुलगा पहिल्या तीन फेऱ्या कमकुवत मुलांना हरवतो, चौथीत मार खातो आणि संध्याकाळी ढाल घेऊन घरी जातो. आपल्याच ताकदीच्या नऊ जणांशी, एकालाही न चुकवता, सावकाश घड्याळावर खेळण्याची वेळ त्याच्यावर येतच नाही. दिवाळी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत दहा निवडक मुलांची नऊ दिवसांची साखळी भरवायला हॉल लागत नाही, एक खोली पुरते. पाच पट, पाच घड्याळं आणि एक पंच. सांगलीसारख्या बुद्धिबळाच्या जुन्या गावाने ही सुरुवात करावी, पुणे-नाशिक-नागपूरने मागोमाग यावं. आणि एका क्लबची दोन मुलं असतील, तर त्यांचा डाव पहिल्याच दिवशी लावा.