ओएसएस काढा, पण पूल बांधून

मंडळी, लिनक्समधला जुना ओएसएस (ओपन साउंड सिस्टीम) काढायचा विषय निघाला की ठरलेलं वाक्य येतं: "चालतंय ना, मग कशाला हात लावता?" उल्हासनगरात जुने पीसी जोडून विकणाऱ्याने असं म्हटलं तर समजू शकतो, त्याला गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत यायला नको असतं. पण ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांनीही तेच म्हणायचं?

मुळात "चालतंय" हेच अर्धसत्य आहे. ओएसएसमध्ये प्रोग्राम /डेव्ह/डीएसपी ही फाईल उघडतो आणि तिच्यात आवाज ओततो. सुटसुटीत, मान्य. पण कार्ड स्वतः मिक्सिंग करणारं नसेल तर एकाने फाईल धरली की दुसऱ्याला "डिव्हाइस बिझी". सकाळच्या बदलापूर लोकलसारखं! अंबरनाथ-उल्हासनगरची मंडळी उलटी येऊन बसलेली, आणि बदलापूरकर फलाटावरून बघतोय. (मी बदलापूरकर, त्यामुळे जरा तिखट लिहिलं जाणारच :-) )

एक गाणं वाजलं नाही तर काय बिघडतं? आपलं काही नाही. पण स्क्रीन रीडरवर काम करणारा अंध माणूस घ्या. ईस्पीक-एनजी त्याला मराठी वाचून दाखवतोय, आणि एखाद्या जुन्या प्लेअरने कार्ड धरून ठेवलं. त्याचा स्क्रीनच गेला की! सुसंगततेच्या हिशेबात हा माणूस कुणी धरतच नाही.

बरं, घाईही झालेली नाही. आल्सा २.६ कर्नलमध्ये आली २००३ साली, ओएसएसला निवृत्तीची नोटीस तेव्हाच मिळाली. आल्साने जुन्यांसाठी ओएसएसची नक्कल ठेवली, पण तीही थेट कार्डच धरते. उबुंटूने ती बंद केली २०१० मध्ये. सात वर्षं कमी झाली का?

विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाने डायरेक्टसाउंडची हार्डवेअरची वाट तोडली, जुन्या गेम्समधले ईएएक्स इफेक्ट गेले, आणि पूल बांधावा लागला क्रिएटिव्हला, अल्केमी काढून. तिथली चिडचिड रास्तच होती. लिनक्सकडे पूल आहेत: एओएसएस आणि पीएडीएसपी प्रोग्रामची हाक मधेच पकडून वळवतात. स्टॅटिक लिंक केलेल्या प्रोग्रामवर त्यांची मात्रा चालत नाही, तिथे ओएसएसपीडी आहे.

तेव्हा काढा. फक्त जुना प्रोग्राम उघडल्यावर "डिव्हाइस सापडलं नाही" एवढंच तोंडावर फेकू नका. कोणतं पॅकेज टाकायचं ते तिथेच लिहा, आणि जमलं तर मराठीत.