यंत्र घरचे असावे, मराठीही घरचीच राहावी

सीमाभागातील वृद्धांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवण्याचे काम आम्ही सध्या करीत आहोत. खानापूर तालुक्यातील एका आजींचे बोलणे आम्ही शब्दशः उतरवले आणि शुद्धलेखन तपासण्यासाठी इंटरनेटवरील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका विनामूल्य सेवेला दिले. क्षणार्धात सुबक मजकूर परत आला. परंतु आजींचे ‘मी बाजाराला गेलो’ हे वाक्य ‘मी बाजारात गेले’ असे झाले होते आणि ‘अक्का’ची ‘ताई’ झाली होती. बेळगाव-कोल्हापूरकडील स्त्रिया ‘मी गेलो’, ‘मी आलो’ असे म्हणतात. ती चूक नव्हे, या भूमीची बोली आहे. आणि ‘अक्का’ या शब्दात कन्नडशी असलेला आपला जुना शेजार आहे. यंत्राने न विचारता हे सारे पुसून टाकले. मूळ प्रत हाताशी होती, म्हणून निभावले.

म्हणून यंत्रच नाकारावे काय? आमचे मत तसे नाही. शेकडो पाने एकहाती तपासणाऱ्या कार्यकर्त्याला हे साहाय्य हवेच आहे. मात्र ते आपल्या संगणकावर, आपल्या अटींवर असावे.

त्यासाठी पैसे लागत नाहीत. संगणकात किमान ८ जीबी रॅम आणि १० जीबी मोकळी जागा असावी. ओलामा हा विनामूल्य प्रोग्राम त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून स्थापित करावा आणि मॉडेलांच्या यादीतून जेम्मा ३ चे ४ अब्ज घटकांचे रूप निवडावे. ते सुमारे साडेतीन जीबीचे असून एकदाच उतरवावे लागते. यादीत ज्यांपुढे ‘क्लाउड’ असे लिहिलेले असते, ती मॉडेले दूरच्या सर्व्हरवर चालतात, ती टाळावीत. खात्री करायची असेल, तर इंटरनेट बंद करून एक प्रश्न विचारावा. उत्तर आले, तर आजींची आठवण आपल्या घराबाहेर जात नाही असे समजावे. लेखनासाठी लिबरऑफिस पुरेसे आहे. त्याच्या आज्ञाही मराठीत मिळतात.

आपल्या संस्थांकडील जुने मजकूर बहुधा श्रीलिपीसारख्या पद्धतींत टंकलेले असतात. ते आधी युनिकोडमध्ये आणावेत. अन्यथा यंत्राला त्यात मराठी दिसतच नाही, केवळ रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो.

यानंतरची पायरी आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक कामाच्या आरंभी यंत्राला स्पष्ट सूचना द्यावी: ‘हा मजकूर सीमाभागातील बोलीत आहे. क्रियापदांची रूपे, नात्यांचे शब्द आणि कन्नडमधून आलेले शब्द बदलू नकोस. ऱ्हस्व-दीर्घाच्या शंका फक्त यादी करून दाखव.’ सोबत आपल्या गावच्या वीस-पंचवीस शब्दांची अर्थांसह यादी जोडावी. ‘मूळ’ आणि ‘तपासलेले’ असे दोन फोल्डर करावेत आणि ‘मूळ’मधील प्रतीला यंत्राचा हात कधीही लावू देऊ नये.

इतके करूनही सावध राहावे लागते. लहान मॉडेलांची मराठी कच्ची असते. मध्येच हिंदी वळणाची वाक्ये येतात आणि कायद्याची कलमे तर ती बेधडक रचून सांगतात. म्हणून अंतिम वाचन माणसानेच करावे, शक्यतो त्याच गावच्या माणसाने.

कोणी म्हणेल, एका ‘गेलो’साठी एवढा खटाटोप कशाला? आमचे उत्तर सरळ आहे. संविधानाच्या २९ व्या कलमाने आपली वेगळी भाषा जतन करण्याचा हक्क नागरिकांच्या प्रत्येक समूहाला दिला आहे. महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला, त्याच्याही मुळाशी भाषाच आहे. ज्यांचा हक्क भाषेवर उभा आहे, त्यांनी स्वतःच्या भाषेची नोंद बदललेल्या रूपात पुढच्या पिढीच्या हाती द्यावी, हे आम्हांला मान्य नाही. बेळगावची मराठी पुण्याच्या मराठीसारखी दिसली म्हणजे ती शुद्ध झाली, असे आम्ही मानत नाही.

तेव्हा वाचकहो, या आठवड्यात घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीचे बोलणे उतरवा. यंत्राचे साहाय्य अवश्य घ्या. पण ‘मी गेलो’ हे ‘मी गेलो’च राहू द्या.