मामा, ती हँडबॅग नाही, बादली आहे!

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. निमित्त आमच्या मामांचा एक फॉरवर्ड. मामा हा ब्लॉग वाचतात, तेव्हा जे आहे ते तोंडावरच बोललेलं बरं :-)

फॉरवर्डमध्ये इराकमधल्या एका असिरियन शिल्पाचा फोटो होता. दाढीवाला, पंखवाला पुरुष. मनगटावर म्हणे घड्याळ, हातात म्हणे हँडबॅग. खाली खुलासा: हे अनुन्नाकी, परग्रहावरून आलेले. बॅगेत ऊर्जेचं यंत्र. त्यांच्यातला निनुर्ता देव ड्रोनने लढायचा. शेवटी नेहमीचं शेपूट, "हे शाळेत शिकवत नाहीत, पुढे पाठवा." मामांनी इमानेइतबारे पुढे पाठवलं.

त्यांचा नातू आठवीत आहे. त्याने मला विचारलं, "आत्या, सगळं त्यांनीच आणलं, तर मग माणसांनी काय केलं?"

त्या प्रश्नाने माझी झोप उडवली. म्हणून हा लेख.

हे खूळ नवं नाही. डॅनिकेनचं पुस्तक १९६८ चं, अनुन्नाकीवाल्या सिचिनचं १९७६ चं. मराठीत बाळ भागवतांचं 'देव? छे! परग्रहावरील अंतराळवीर!' आमच्या पिढीने रात्र रात्र जागून वाचलं. मीही वाचलं. मजा आली, खोटं कशाला बोलू! पण गंमत म्हणून वाचणं वेगळं आणि पोराला इतिहास म्हणून सांगणं वेगळं.

आता ती बॅग. मेसोपोटेमियाच्या लोकांनी मातीच्या विटांवर ढिगाने लिहून ठेवलंय आणि ते वाचता येतं. तिला ते 'बांदुद्दू' म्हणत, म्हणजे बादली. दुसऱ्या हातातल्या शंकूसारख्या वस्तूला 'मुल्लिलू', म्हणजे शुद्ध करणारा. मामा, तुमच्या वास्तुशांतीला गुरुजींनी तांब्यातलं पाणी आंब्याच्या पानांनी घरभर शिंपडलं होतं ना? ते आठवा आणि मग तो फोटो पुन्हा बघा. आणि घड्याळ? ते फुलाच्या नक्षीचं कडं आहे. कित्येक शिल्पांत ते दोन्ही मनगटांवर असतं. दोन दोन घड्याळं कशाला लागतात हो? :-)

"पण तज्ज्ञ तरी बरोबर कशावरून?" हा मामांचा ठरलेला प्रश्न. तर ऐका. १८५७ साली तिग्लथ-पिलेसर राजाचा एकच लेख चार जणांनी एकमेकांचं न बघता भाषांतरित केला आणि ती भाषांतरं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत ताडून पाहिली. मुख्य आशय जुळला. चौघांपैकी रॉलिन्सन तर पूर्वी मुंबईच्या फौजेत नोकरी केलेला. आता एकच शिल्प चार अनुन्नाकीवाल्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून दाखवा. बॅटरी, रेडिओ, बॉम्ब आणि लॅपटॉप, अशी चार उत्तरं मिळाली नाहीत तर मला सांगा.

आणि तो ड्रोन! 'लुगल-ए' नावाचं सुमेरियन काव्य आहे, सुमारे सातशे ओळींचं. त्यात निनुर्ताची शारूर नावाची बोलकी गदा शत्रूच्या मुलुखावरून उडून बातमी आणते. फॉरवर्डवाले इथेच थांबतात. पण काव्य पुढे जातं. असाग राक्षस मेल्यावर कळतं, की डोंगरातलं पाणी शेतापर्यंत पोचतच नाही, कालवे कोणी साफ करत नाही, दुष्काळ पडलाय. मग निनुर्ता डोंगरात दगडांचा बांध घालतो, विखुरलेलं पाणी गोळा करून तैग्रिस नदीत सोडतो आणि शेतं जवाने भरतात.

आपण सोलापूरकर! टँकरमागे घागर घेऊन धावलेले, उजनीत किती टक्के पाणी आहे हे रोज पेपरात बघणारे. आपल्याला त्या काव्यातला ड्रोन दिसावा आणि पाणी दिसू नये?

मामा, तुम्हीच मला खांद्यावर बसवून गड्ड्याला नेलंत, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा दाखवलात. सात उंच नंदीध्वज. कुंभारकन्येचं सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लागलेलं लग्न. तीन हजार वर्षांनी कुणाला नुसता त्या काठ्यांचा फोटो सापडला आणि तो म्हणाला, "हे अँटेना आहेत, सोलापूरकर परग्रहाशी बोलत होते," तर? ती कुंभाराची पोर गेली, तिची भक्ती गेली, घामाघूम होऊन काठी पेलणारे गेले. उरली फक्त अँटेना. याला पूर्वजांचा गौरव म्हणायचं?

आपल्या विमानांचीही तीच गत. 'वैमानिक शास्त्र' बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासलं. ग्रंथ विसाव्या शतकातला निघाला आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत असं ठरलं. तरी २०१५ साली मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच. आणि शून्य, पाणिनी, वेरूळचं कैलास लेणं, ही माणसांनी खरोखर केलेली कामं कोपऱ्यात.

माझं म्हणणं एवढंच, की मिथकाला यंत्र बनवलं म्हणजे ते मोठं होत नाही. ज्यांनी ते रचलं त्या माणसांच्या हातातून ते काढून घेतलं जातं.

नातवाला मी सिद्धेश्वर तलावावर घेऊन गेले. म्हटलं, "परंपरा सांगते, की बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून हा तलाव खोदला. फावड्याने आणि पाटीने. माणसांनी हे केलं."

तो बराच वेळ पाण्याकडे बघत होता.

असो. लांबलंच जरा. मामा, रविवारी जेवायला येतेय, तेव्हा भांडू. शेंगाची चटणी तयार ठेवा :-)