मोबदल्याचा पैसा आणि हिशेबाचे शिक्षण

शेतकऱ्यांना अर्थव्यवस्थापनाचे प्रशिक्षण द्यावे, म्हणजे कर्ज, विमा, कर आणि गुंतवणूक यांचा मेळ कसा घालावा हे पद्धतशीर शिकवावे, या मागणीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, मुळात उत्पन्नच तुटपुंजे असलेल्याला व्यवस्थापन शिकवणे ही त्याची थट्टा आहे. दुसरा असा की, शेतकरी हाती आलेला पैसा उडवतोच, तेव्हा शिकवण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. भिवंडी तालुक्याच्या कसोटीवर हे दोन्ही आक्षेप टिकत नाहीत.

पहिल्या आक्षेपात अर्धे सत्य आहे. भाताला भाव मिळत नसेल तर हिशेबाच्या वहीने तो वाढत नाही, आणि प्रशिक्षणाच्या आडून हमीभावाचा प्रश्न बाजूला सारणे हा अन्यायच ठरेल. परंतु उत्पन्न थोडे असते तेव्हाच व्याजातला फरक जिव्हारी लागतो. १९९८ पासून चालत आलेल्या किसान क्रेडिट कार्डावरील पीककर्जाला तीन लाखांपर्यंत ७ टक्के व्याज आहे व मुदतीत फेड केल्यास ते ४ टक्क्यांवर येते, महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तेही उरत नाही. उलट, महिना शेकडा तीन रुपयांनी उचललेल्या लाखभर रुपयांवर वर्षाला छत्तीस हजार रुपये व्याज चढते. मुदतीची एक तारीख चुकली की सवलत जाते, ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही त्याचे नुकसान भावाने नव्हे, अज्ञानाने होते.

दुसरा आक्षेप अधिक अन्यायकारक आहे. समृद्धी महामार्गाचे आमणे येथील टोक, मुंबई–वडोदरा द्रुतगती महामार्ग आणि बुलेट ट्रेन यांसाठी या तालुक्यातील जमिनी संपादित झाल्या. मानकोली, दापोडे, वळ या परिसरात भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली. वर्षानुवर्षे पीक देणारी मालमत्ता गेली आणि तिच्या बदल्यात एकरकमी पैसा आला. मग गाड्या आणि लग्ने यांकडे बोट दाखवून शेतकऱ्याला उधळ्या ठरवले गेले. नोकरदाराचा पैसा मात्र भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि पगारातूनच होणारी करकपात यांनी त्याच्या नकळत राखला जातो. म्हणजे ज्याला त्याचे शहाणपण म्हटले जाते ते पुष्कळसे व्यवस्थेचे असते. शेतकऱ्याला ती व्यवस्था नाही, म्हणून तिची जागा शिक्षणाने भरून काढणे प्राप्त आहे.

ही जागा भरायला केवळ कायदा पुरत नाही, हे इतिहासही सांगतो. १८७५ साली सुपे येथून सावकारांविरुद्ध उसळलेल्या दंगलींनंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन कृषक मदत कायद्याने ऋणकोला पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. परंतु जो रोखा वाचू शकत नव्हता, त्याच्या हाती हा हक्क कागदावरच राहण्यासारखा होता.

म्हणून प्रशिक्षण हवे, पण ते कोणते, कोणाला आणि केव्हा, हे ठरले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने २०१९ चा वित्तीय साक्षरता सप्ताह शेतकऱ्यांसाठी वाहिला, हे योग्यच झाले. मात्र खाते उघडण्याचे अर्ज भरून घेणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालील मोबदल्यावर प्राप्तिकर नाही, पण शहरालगतची जमीन खासगीत विकल्यास तो लागू शकतो. गोदामाचे भाडे हे शेतीचे उत्पन्न नव्हे, आणि ते वर्षाला वीस लाखांवर गेले की जीएसटीची नोंदणी करावी लागते: असे विषय प्रशिक्षणात हवेत. सातबाऱ्यावर नाव असलेल्या प्रत्येक हिस्सेदाराला, बहिणी व विधवांसह, ते मिळाले पाहिजे, आणि शिकवणारा विम्याची पॉलिसी विकणारा नसावा.

संयुक्त मोजणी, मूल्यांकन, निवाडा आणि वाटप हे संपादनाचे टप्पे शासनाने ठरवले आहेत. निवाडा आणि वाटप यांच्या दरम्यान हे प्रशिक्षण सक्तीचा टप्पा म्हणून घालावे, कारण रक्कम खात्यात जमा झाल्यावर दिलेला सल्ला बहुधा उशिरा पोहोचतो आणि दलाल त्याआधीच दारात उभा असतो.