विस्तवाभोवतीची चित्रे

वाचकहो, उदयपूरच्या राजवाड्यात कधी गेलात, तर ‘चिनी की चित्रशाली’ या अठराव्या शतकातील दालनाच्या भिंती जवळून निरखून पाहा. निळ्या-पांढऱ्या लाद्यांनी त्या मढविलेल्या आहेत. दालनाचे नाव चिनी असले, तरी तेथे हॉलंडमधील लाद्याही आहेत आणि काहींवर बायबलातील प्रसंग रंगविलेले आहेत. बालयेशूला घेऊन मिसर देशाकडे निघालेले मरिया व योसेफ तेथे दिसतात. डच व्यापारी कंपनीचा वकील केटेलार १७११ मध्ये उदयपुरास आला होता, हेही येथे ध्यानात घ्यावे.

हॉलंडमध्ये अशा लाद्या घरातील विस्तवाच्या जागेभोवती बसवीत. सुमारे १३ सेंटिमीटरची ही चौकोनी लादी साध्या मातीची. ती एकदा भाजून तीवर कथिलयुक्त पांढऱ्या झिलईचा लेप देत. टोचे मारलेला कागद ठेवून त्यावरून कोळशाची पूड फिरविली, की चित्राची रूपरेषा उमटे. मग कारागीर कोबाल्टच्या रंगाने कुंचला चालवी. कोरडा लेप रंग तत्काळ शोषून घेई. म्हणून चुकलेली रेघ पुसता येत नसे. त्यानंतर लादी पुन्हा भट्टीत जाई.

नोहाचे तारू, योनाला गिळणारा मासा, दावीद आणि गल्याथ असे ते विषय. काही चित्रांखाली अध्याय व वचन यांचे अंकही असत. चित्र पाहून मुलाने विचारावे आणि वडीलधाऱ्यांनी ग्रंथ उघडून सांगावे, अशी ती सोय होती. याच कथा मराठी ओवीत फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराणा’त सांगितल्या; तो ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यात छापला गेला.

आपल्याकडील जुन्या घरांतही देवादिकांच्या चित्रांच्या लाद्या आढळतात. त्यांचा मोठा शत्रू ओल होय. ओलीबरोबर क्षार आत शिरतात, पाणी सुकताना त्यांचे स्फटिक बनतात आणि झिलईचे पापुद्रे सुटतात. म्हणून प्रथम गळती थांबवावी. तेजाबाने वा खरखरीत घासणीने लाद्या घासू नयेत. मऊ, ओलसर फडके पुरे.

घर पाडण्याचा प्रसंग आलाच, तर लाद्या सुट्या विकण्याची घाई करू नका. तारू एका घरी आणि प्रलयानंतर परतलेले कबुतर दुसऱ्या घरी गेले, तर कथा कोणालाच कळत नाही. आधी संपूर्ण भिंतीचे छायाचित्र घ्या, प्रत्येक लादीच्या जागेचा क्रमांक टिपून ठेवा आणि घरातील वृद्धांकडून त्या चित्रांची कथा लिहून घ्या.