तोडणीपूर्वींची बुद्धि आणि तोडणीनंतरची

“शेतकरी पुढचा विचार करीत नाहीं,” हा आक्षेप आमच्या वाचकांनीं सावकाराच्या ओसरीपासून सरकारी कचेरीपर्यंत सर्वत्र ऐकला असेल. पेरणीच्या तोंडावर चढ्या व्याजाच्या कागदावर न वाचतां सही केली, किंवा खताचा पैसा लग्नांत गेला, कीं ही टीका होते. प्रसंगीं आम्हींही ती केली आहे. ती आतां मागें घेणें आम्हांस प्राप्त झालें आहे.

तामिळनाडूंतील ४६४ ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची मानसशास्त्रीय तपासणी होऊन तिचा निष्कर्ष २०१३ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांस ऊस तुटण्यापूर्वीं व उसाचे पैसे हातीं आल्यावर, अशा दोन वेळां आकृत्यांचीं कोडीं घातलीं. पूर्वीं सरासरी ४.३५ व नंतर ५.४५ कोडीं बरोबर सुटलीं. माणूस तोच, शिक्षण तेंच. पालटली ती सांपत्तिक स्थिति. तोडीची पाळी प्रत्येकास निरनिराळ्या वेळीं येत असल्यामुळें हा फरक केवळ ऋतूचा म्हणतां येत नाहीं.

याचें कारण उघड आहे. अनेक बाबी एका वेळीं ध्यानांत धरून त्यांचा मेळ घालण्याचें काम मुख्यतः मेंदूच्या कपाळामागील भागाकडे असतें, आणि ही शक्ति मोजकी आहे. दारीं येणाऱ्या देणेदारास काय सांगावें, या विवंचनेनें ती व्यापली, कीं कागदांतील कलमांस तिच्यांत जागा उरत नाहीं. विहिरीचें पाणी एका वाफ्यांत वळविलें, तर तोंपर्यंत दुसरा कोरडाच राहावयाचा.

अमेरिकेंत पगारापूर्वीं व पगारानंतर केलेल्या तपासणींत मात्र असा फरक आढळला नाहीं, हें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु पगाराची वाट पाहणें आणि उभ्या पिकाकडे वर्षभर डोळे लावून बसणें, हीं दोन्ही सारखीं आहेत असें आम्हांस वाटत नाहीं.

उपाय काय? केनियाच्या पश्चिम भागांत शेतकऱ्यांस कापणी होतांच, थोड्या मुदतीपुरतें, खत घरपोंच विनामूल्य आणून देऊं केलें. किंमत त्यांनींच द्यावयाची होती; तरी खत घेणारांची संख्या वाढली. हा वृत्तांत २०११ सालचा आहे. पैसा हातांत असतांच निश्चय करवून घेतला, एवढेंच त्यांतील मर्म.

आमच्या सहकारी सोसायट्यांच्या पंचांनीं हें ध्यानांत घ्यावें. पुढील हंगामाच्या खताची व बियाण्याची मागणी माल विकला त्याच आठवड्यांत नोंदवावी. कर्जाचा कागद सहीपूर्वीं चार दिवस सभासदाच्या घरीं द्यावा, व सहीच्या वेळीं तो मोठ्यानें वाचून दाखवावा. यास फारसा खर्च नाहीं. ऐन ज्येष्ठांत, हात रिकामे असतां, सभासदापुढें कागद सरकवावयाचा आणि मागाहून त्यालाच अविचारी म्हणावयाचें, हा न्याय नव्हे.